बेडसोरला कुठलं मलम लावायचं?

आमच्या घरात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात नऊ ट्यूब आहेत, सगळ्या अर्धवट वापरलेल्या. एक मेडिकलवाल्यानं दिलेली, एक नणंदेनं पुण्याहून आणलेली, काही वेगवेगळ्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या, तर एक शेजारच्या काकूंची, ‘आमच्या मामंजींना ह्याच्यानंच गुण आला’ म्हणून दिलेली. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. त्यांच्या माकडहाडावरचा बेडसोर, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्यानं दाबाखाली होणारी जखम, भरायला सात महिने लागले आणि त्यातले पहिले दोन महिने या डब्यानं खाल्ले.

आम्ही पलूसजवळचे. आत्या ७८ वर्षांच्या, अंगानं बारीक, शुगर आहे. न्हाणीत पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, मिरजेत ऑपरेशन झालं. घरी आणलं तेव्हा कागदावर टाके कधी काढायचे ते होतं, गोळ्यांच्या वेळा होत्या. दर दोन तासांनी कूस बदला, हे मात्र कुणी लिहिलं नव्हतं आणि तोंडीही सांगितलं नव्हतं. बाराव्या दिवशी चादर बदलताना माकडहाडावर लाल डाग दिसला. घामोळं असेल म्हणून पावडर टाकली. पुढच्या आठवड्यात तिथली कातडी गेली.

मी डॉक्टर नाही. जखमेच्या नर्सबाईंकडून, डॉक्टरांकडून आणि स्वतःच्या चुकांमधून जे शिकले ते क्रमानं लिहिते आहे. मलमाचा नंबर मुद्दामच पाचवा ठेवला आहे. आधीच्या चार गोष्टी वगळून थेट तिथं उडी मारू नका. आम्ही तेच केलं होतं.

१. आधी जखम नीट बघा

मोबाइलची बॅटरी लावा, माणसाला कुशीवर घ्या आणि हाड टेकतं ती प्रत्येक जागा बघा: माकडहाड, दोन्ही खुबे, टाचा, घोटे, कोपर, खांद्याची पाती, डोक्याचा मागचा भाग. टाचांकडे कुणाचंच लक्ष जात नाही.

लाल डाग दिसला तर बोटानं दाबून सोडा. दाबल्यावर पांढरा पडून परत लाल झाला तर त्वचा अजून तग धरून आहे. दाबूनही लालच राहिला तर ती बेडसोरची पहिली पायरी. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, आत्यांचीही उशिराच दिसली. अशा वेळी हात लावून बघा. आजूबाजूपेक्षा ती जागा गरम, कडक किंवा लिबलिबीत लागते, रंग जांभळट दिसतो.

दुसऱ्या पायरीला वरची कातडी सोललेली असते किंवा फोड येतो, तळ गुलाबी असतो. तिसरीत खड्डा पडतो, चरबी दिसते. चौथीत स्नायू, हाड. आणि तळ पिवळ्या किंवा काळ्या थरानं झाकलेला असेल तर खाली किती खोल आहे ते कुणालाच बघून सांगता येत नाही.

घरी करण्याजोगं काम पहिल्या दोन पायऱ्यांचं. तिसरी-चौथी असेल तर डॉक्टरांनी जखम बघून उपचार ठरवल्यावरच घरी ड्रेसिंग करायचं. खालीलपैकी काहीही दिसलं तर वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा: ताप किंवा अंग थंड पडणं, माणूस अचानक गुंगीत जाणं किंवा असंबद्ध बोलणं, जखमेभोवतीची लाली पसरत जाणं, पू, कुजका वास, हाड दिसणं, दाबल्यावर कातडीखाली चुरचुर होणं. माणूस शुद्धीत नसेल तर १०८ ला फोन करा. म्हाताऱ्या माणसाला ताप न येताही जंतुसंसर्ग रक्तात भिनू शकतो, त्यामुळे ‘ताप नाही ना, मग सकाळी बघू’ म्हणू नका.

२. त्या जागेवरचा भार काढा

हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस चेपलं जातं, तिथलं रक्त थांबतं आणि ते मांस मरतं. भार तसाच ठेवून वरून सोन्याचं मलम लावलं तरी काही होणार नाही. आमच्या डब्यातल्या पहिल्या चार ट्यूब अशाच वाया गेल्या. मलम रोज बदलत होतो आणि आत्या दिवसभर त्याच जखमेवर उताण्या झोपलेल्या.

दर दोन तासांनी कूस बदला. अगदी पूर्ण कुशीवर वळवू नका, त्यानं खुब्याच्या हाडावर भार येतो. पाठीमागं लोड किंवा घडी घातलेली वाकळ लावून साधारण ३० अंश कलतं ठेवा. हाडाचं ऑपरेशन झालं असेल तर कुठल्या कुशीवर किती वळवायचं आणि गुडघ्यांमध्ये उशी ठेवायची का, हे ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनाच विचारा. टाचांसाठी पोटरीखाली उशी ठेवा, म्हणजे टाच अधांतरी राहते.

सरकवताना ओढू नका. अंगाखाली एक आडवी चादर घालून ठेवा आणि दोघांनी दोन बाजूंनी ती उचलून माणूस सरकवा. ओढल्यानं वरची कातडी एकीकडे आणि आतलं मांस दुसरीकडे ताणलं जातं. उशाकडची बाजू फार उंच करून बसवलं की माणूस हळूहळू खाली घसरतो, तेव्हाही हेच होतं. जेवण झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासानं उशाकडची बाजू ३० अंशांपर्यंत खाली घ्या.

आता हवेच्या गादीबद्दल. मेडिकलमध्ये फुगे असलेली, पंपावर चालणारी गादी मिळते. फुगे आलटून पालटून फुगतात. घ्याच. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. माणूस झोपलेला असताना माकडहाडाच्या खाली गादीखालून हात घालून बघा. हाड हाताला लागलं तर हवा कमी आहे आणि गादी असून नसल्यासारखी. दुसरी गोष्ट विजेची. आमच्याकडं लाइट गेली की पंप बंद आणि तासा-दोन तासांत गादी चपटी. पंप इन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर लाइट गेल्यावर कूस लवकर बदला. गादी आणली म्हणून कूस बदलणं थांबत नाही, हे दिराला पटवायला मला पंधरा दिवस लागले.

गोल रबरी रिंग किंवा टायरची ट्यूब मात्र वापरू नका. मधल्या भोकात जखम मोकळी राहते खरी, पण कडेच्या रिंगणात दाब पडून तिथलं रक्त तुटतं. लाल झालेल्या जागी तेल लावून चोळायचंही नाही. ‘रक्त फिरतं’ म्हणून आमच्या चुलत सासूबाई रोज चोळायच्या, त्यानं आतलं नाजूक मांस आणखी फाटतं.

भिंतीला एक वही अडकवा. वेळ, कूस, कुणी वळवलं. रात्रीच्या पाळ्या वाटून घ्या, एकटीनं अंगावर घेऊ नका. ऊसतोडीच्या दिवसांत रात्री शेताला पाणी द्यायला उठणारा नवरा आमच्याकडं दोनची पाळी घ्यायचा. तो तसाही जागाच असायचा.

३. सामान

एका झाकणाच्या डब्यात एवढं ठेवा:

- नॉर्मल सलाइन, म्हणजे निर्जंतुक मिठाच्या पाण्याच्या १०० मिलीच्या बाटल्या (मोठी बाटली उघडली की २४ तासांत टाकावी लागते)
- २० मिलीची सिरिंज, सुईशिवाय
- हातमोजे, निर्जंतुक गॉजची (जाळीदार कापडी पट्टीची) पाकिटं
- पॅराफिन गॉज, म्हणजे व्हॅसलिन लावलेली जाळी
- कागदी चिकटपट्टी
- जखमेभोवती लावायला झिंक ऑक्साइडचं क्रीम
- कागदी मोजपट्टी
- डॉक्टरांनी दिलेलं एक मलम. एकच.

कापूस नको. त्याचे धागे जखमेत अडकतात.

४. धुणं

दुखत असेल तर डॉक्टरांना विचारून वेदनेची गोळी अर्धा तास आधी द्या. हात साबणानं धुवा, मोजे घाला. जुनी पट्टी खेचून काढू नका, सलाइननं भिजवा आणि मग सोडवा. चिकटपट्टी काढताना एका हातानं कातडी धरून ठेवा. ७८ वर्षांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते, पट्टीबरोबर निघून येते.

सिरिंजमध्ये सलाइन भरून जखमेवर धार सोडा. थंडीत बाटली आधी कोमट पाण्यात ठेवा, गार धारेनं माणूस दचकतो. जखमेच्या आत पुसायचं नाही, भोवतीची कातडी टिपून कोरडी करायची. बस्स.

स्पिरिट, डेटॉल, सॅव्हलॉन, हायड्रोजन पेरॉक्साइड यांतलं काहीच जखमेत ओतायचं नाही. पेरॉक्साइडचा फेस बघून घाण निघाल्यासारखी वाटते, मलाही वाटायची. तो फेस नव्यानं येणाऱ्या पेशींनाही जाळतो.

५. आता मलम

जखमेचा रंग आणि ओल बघून मलम ठरतं, आणि जखम बदलली की मलम बदलतं. ‘बेडसोरचं मलम’ अशी एक ट्यूब नसते, हे मला कळायला दोन महिने गेले. तुमच्या डॉक्टरांशी बोलताना उपयोग व्हावा म्हणून जखमेच्या अवस्थांप्रमाणे लिहिते.

फक्त लाली आहे, कातडी शाबूत आहे: अँटिबायोटिक मलमाची गरज नाही. लघवी-शौचानं ओलं होत असेल तर झिंक ऑक्साइड किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. दर वेळी तो खरवडून काढू नका, मळलेला वरचा थर तेवढा पुसा आणि वरून परत लावा.

वरची कातडी सोललेली, तळ गुलाबी: सलाइन आणि पॅराफिन गॉज, किंवा डॉक्टर म्हणाले तर हायड्रोकोलॉइड नावाची चिकट पट्टी. इथं आपल्याकडचा मोठा गैरसमज आडवा येतो. ‘उघडी ठेव, वारा लागू दे, खपली धरू दे.’ जखम दमट राहिली तर नवी कातडी सरकत येते, वाळली तर खपलीखाली अडकते. याच कारणानं अँटिबायोटिकची पावडर नको. ती जखमेतल्या पाण्यात कालवली जाऊन चिखलासारखा थर धरते.

पिवळा, चिकट थर: तो पू असतोच असं नाही, बऱ्याचदा मेलेलं मांस असतं. ते निघाल्याशिवाय जखम भरत नाही. डॉक्टर कापून काढतात किंवा कोलॅजिनेजचं मलम देतात, ते मेलेला थर हळूहळू विरघळवतं. हायड्रोजेल नावाच्या पाणीदार जेलनं थर मऊ पडतो. इथली आमची चूक तुम्ही करू नका. कोलॅजिनेज लावण्याआधी आम्ही ‘स्वच्छता म्हणून’ पोव्हिडोन आयोडीननं जखम पुसत होतो. आयोडीन आणि चांदीची (सिल्व्हरची) मलमं कोलॅजिनेजचं काम बंद पाडतात. महागाची ट्यूब तीन आठवडे आम्ही स्वतःच निकामी करत होतो. डॉक्टरांनी विचारलं, ‘लावायच्या आधी काय करता?’ तेव्हा उलगडा झाला.

काळी, कडक खपली: घरी हात लावायचा नाही. टाचेवरची काळी खपली कोरडी, घट्ट, बिनपुवाची असेल तर डॉक्टर ती मुद्दाम तशीच ठेवतात, कारण ती झाकणाचं काम करते. तीच जर मऊ पडली, हलायला लागली, कडेनं लाल झाली किंवा वास आला तर लगेच दाखवा.

पू, वास, वाढती लाली: इथं सिल्व्हर सल्फाडायझिन १ टक्का किंवा पोव्हिडोन आयोडीन मलम देतात, वासासाठी मेट्रोनिडॅझोल जेल. ही थोड्या दिवसांची मलमं आहेत. सल्फाच्या औषधाची ॲलर्जी असेल तर सिल्व्हर सल्फाडायझिन चालत नाही, थायरॉइडचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मोठ्या जखमेवर आयोडीन लावण्याआधी सांगा. सिल्व्हर सल्फाडायझिननं जखमेवर पांढरट-पिवळा साका धरतो. तो पू समजून आम्ही रात्री साडेदहाला गाडी काढली होती. दुसरा थर लावण्याआधी तो धुवून काढायचा असतो, एवढंच.

म्युपिरोसिन हेही अँटिबायोटिक मलम. दहा दिवसांच्या वर नको, आणि मोठ्या उघड्या जखमेवर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. फ्रॅमायसेटिनची ओळखीची ट्यूब प्रत्येक घरात असते. खरचटल्यावर ठीक आहे, महिनोन्महिने बेडसोरवर लावली तर कातडीला पुरळ येऊन जखम वाढल्यासारखी दिसू शकते.

लाल, दाणेदार, डाळिंबासारखा तळ: ही आनंदाची बातमी. मांस भरायला लागलं. इथं जंतुनाशक मलम थांबवायचं असतं आणि नेमकं तेच लोक थांबवत नाहीत, ‘गुण आला ना, मग कशाला बदला?’ आता हायड्रोजेल किंवा पॅराफिन गॉज, आणि जखमेला शांतता.

लावण्याची पद्धत: ट्यूबचं तोंड जखमेला टेकवू नका. मोजा घातलेल्या बोटावर किंवा गॉजवर घेऊन पातळ थर लावा. खड्डा मलमानं लिंपायचा नाही. खोल जखमेत सलाइननं ओलं केलेलं गॉज सैल भरायला सांगतात. एकच लांब पट्टी वापरा आणि तिचं टोक बाहेर ठेवा. चार तुकडे घातले आणि तीन काढले, असं होऊ शकतं. ट्यूब उघडल्याची तारीख तिच्यावर पेननं लिहा.

जे लावायचं नाही ते: पहिली हळद. सांगलीच्या माणसाला हे सांगणं म्हणजे कोल्हापूरकराला रस्सा कमी खा म्हणण्यासारखं आहे. आपली हळद २०१८ पासून भौगोलिक मानांकनाची, तिचा अभिमान मलाही आहे. पण डब्यातली हळदपूड निर्जंतुक नसते, ती जखमेच्या तळाशी बसते आणि सगळा रंग पिवळा केल्यामुळे डॉक्टरांना खालचं काही दिसत नाही. स्वयंपाकघरातला मधही नको. जखमेसाठीचा मध जंतूविरहित केलेला असतो, तो वेगळा. टूथपेस्ट, चुना, मशेरीची राख यांबद्दल बोलायलाच नको. आणि खाजेसाठीची मिश्र क्रीमं. त्यांत स्टेरॉइड असतं, त्यानं लाली दोन दिवसांत पळते आणि जखम भरणं थांबतं. आमची पहिली ट्यूब तीच होती. मेडिकलवाल्यानं जखम न बघता दिली, आम्ही न विचारता घेतली.

६. झाकणं

मलमावर पॅराफिन गॉज, त्यावर साधं गॉज, कडेला कागदी पट्टी. पॉलिथिन लावू नका. डायपर लागत असेल तर दर दोन-तीन तासांनी बघा, ओला डायपर रात्रभर ठेवला की सगळी मेहनत पाण्यात. जखम माकडहाडावर असेल आणि शौच पट्टीखाली गेलं तर ठरलेली वेळ नसली तरी पट्टी बदला. वापरलेलं गॉज कागदात गुंडाळून, पिशवीत बांधून सॅनिटरी कचऱ्यात टाका.

७. ताट

आजारी माणसाला आपण काय देतो? तांदळाची पेज, साबुदाण्याची खीर, चहा-टोस्ट. पोट भरतं, जखम भरत नाही. जखम भरताना वजनाच्या दर किलोमागे रोज सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५० किलोच्या माणसाला साधारण ६२ ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात साधारण तेवढीच, वाटीभर घट्ट वरणात त्याच आसपास. हिशेब मांडून बघा, पेजेवर काहीच जमत नाही.

आत्या माळकरी, अंडं चालत नाही. मग भाकरी दुधात कुस्करून, मटकीचं कढण, पनीर, दह्यात शेंगदाण्याचं कूट, वर आवळ्याची किंवा पेरूची फोड. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं किती, ते डॉक्टरच ठरवतील. शुगर असेल तर ती आटोक्यात आणा. आत्यांची शुगर तीनशेच्या घरात होती तोवर जखम जागची हलली नाही.

८. नोंद ठेवा

दर रविवारी, त्याच कुशीवर, त्याच उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. लांबी, रुंदी, वास, रंग वहीत लिहा. रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही. दोन आठवडे सगळं नीट करूनही जखम लहान होत नसेल तर मलम आपणच बदलू नका, वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

९. दवाखान्यात जाताना

फाइलमध्ये हे ठेवा: डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, शुगर-हिमोग्लोबिन-क्रिएटिनिनचे रिपोर्ट, चालू गोळ्यांची यादी, वापरलेल्या सगळ्या मलमांची नावं (ट्यूबच घेऊन जा), जखमेचे फोटो, आधार कार्ड, रेशन कार्ड. वय ७० किंवा त्याच्या पुढं असेल तर सरकारी आरोग्य विम्याचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेसाठी १५५३८८ वर चौकशी करता येते. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेची माहिती देणाऱ्या माणसाचं टेबल असतं, तुमची शस्त्रक्रिया बसते की नाही ते दाखल होण्याआधी तिथं विचारा.

सांगलीचं सिव्हिल, मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, साताऱ्याकडच्यांना तिथलं जिल्हा रुग्णालय: सर्जरीच्या ओपीडीत दाखवायचं, सकाळी लवकर. गाडीत पेशंटला जखमेवर बसवून नेऊ नका, मागच्या सीटवर कुशीवर झोपवा. वाटेत खड्डे किती आहेत ते मी सांगायला नको. गावात आशाताईंना आधीच सांगून ठेवा. आमच्या आशाताईंमुळे आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई दोनदा घरी येऊन ड्रेसिंग दाखवून गेल्या आणि खरं शिक्षण त्या दोन दिवसांत झालं.

१०. भरल्यानंतर

भरलेली जागा पूर्वीइतकी मजबूत कधीच होत नाही. रोज संध्याकाळी बॅटरी लावून बघणं आमचं अजून चालू आहे, टाचांसकट. आत्या आता वॉकर धरून उठतात आणि खुर्चीत बसतात. बसल्यावर सगळा भार माकडहाडावर आणि ढुंगणाच्या हाडांवर येतो, म्हणून एका वेळी तासाभरापेक्षा जास्त नाही आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडं उचलून, कलून बसायचं. संध्याकाळी त्यांच्या दोन मालिका लागोपाठ असतात. जाहिरात लागली की नातू ओरडतो, ‘आज्जी, ऊठ!’ आणि आत्या त्याला शिव्या देत उठतात.